बावीस वारांची खेळपट्टी आणि बावीस मीटरचा घोळ

खेळपट्टीवाला

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. नाताळच्या सुट्टीत मैदानावर नवी खेळपट्टी केली. आखणी दहावीच्या दोन मुलांकडे दिली आणि मी रोलरकडे लागलो. "खेळपट्टी बावीस" हे मुलांना पाठ होतं, हातातली टेप मीटरची होती. त्यांनी बावीस मोजले, खुंट्या ठोकल्या, चुना मारला. मी तपासलं नाही.

आमच्याकडे नववीतली एक मुलगी लेगस्पिन टाकते. त्या आठवड्यात तिचा एकेक चेंडू आखूड पडायला लागला. मी रोज तिला सांगत होतो, हात वरून आण, चेंडू उशिरा सोड. ती बिचारी ऐकत गेली आणि चार दिवसांत तिने हाताची सगळी लय बदलून टाकली. शेवटी यष्टीमागचा मुलगा म्हणाला, "सर, सगळ्यांचेच चेंडू माझ्यापर्यंत येताना मरतात." तेव्हा टेप लावली. खेळपट्टी बावीस यार्डांऐवजी, म्हणजे २०.१२ मीटरऐवजी, २२ मीटर. १ मीटर ८८ सेंटिमीटर जास्त, म्हणजे सहा फूट दोन इंच. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली. पण लय परत यायला महिना गेला, ते मला अजून लागून राहिलंय.

तेव्हापासून मोजमापांकडे बघतोय आणि जिथे बघावं तिथे दोन भाषा दिसतात. एकाच सामन्याच्या प्रक्षेपणात वर्तुळ ३० यार्डांचं, षटकार ९० मीटरचा, चेंडूचा वेग ताशी १४० किलोमीटर. यष्टी २८ इंच उंच. चेंडू साडेपाच ते पावणेसहा औंस, पण दुकानात बॅट मागताना आपण म्हणतो "साडेअकराशे ग्रॅमची दाखवा". आणि फलंदाजाची उंची सांगायची तर परत पाच फूट सात.

तुमच्या कामात, घरात, खेळात असा घोळ कुठे होतो आणि तुम्ही तो कसा सांभाळता, ते वाचायला आवडेल. मला हे मुलांना नीट शिकवायचं आहे.

ता. क. : क्रीडासाहित्याच्या जुन्या पेटीत एक लोखंडी गोळा आहे, मुलं त्याने गोळाफेकीचा सराव करतात. त्यावर फक्त "१२" कोरलंय, इंग्रजी आकड्यात. कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

काळी_माती

सर, बावीस यार्ड हा आकडा क्रिकेटचा नाहीच, आमचा आहे. मी भूमापनात नोकरी केली, आता निवृत्त.

इंग्लंडमध्ये एडमंड गुंटर यांनी १६२० च्या सुमारास जमीन मोजायची साखळी काढली. १०० कड्या, लांबी ६६ फूट, म्हणजे बरोबर २२ यार्ड. १७४४ च्या क्रिकेटच्या नियमांत दोन्ही यष्ट्यांतलं अंतर म्हणून तेच २२ यार्ड आले. शेत मोजायची साखळी गावोगाव होतीच.

आता गंमत बघा. रुंदीला एक साखळी आणि लांबीला दहा साखळ्या घेतल्या की एक एकर होतो. म्हणजे एक एकर म्हणजे रुंदीला एक खेळपट्टी आणि लांबीला एकामागे एक दहा खेळपट्ट्या. मुंबई इलाख्यात मोजणीला ३३ फुटांची साखळी वापरत, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. ती गुंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. तुमच्या खेळपट्टीच्या लांबीत गुंठ्याच्या दोन बाजू बसतात. शेतकऱ्याच्या मुलाला बावीस यार्ड समजावायला याहून सोपी वाट नाही.

दुःख पुढे आहे. सातबारा हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेला असतो. पण पारावर कुणी आर म्हणत नाही. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर. फरक इतका बारीक की लोक "आर म्हणजेच गुंठा" धरून चालतात. एका गुंठ्याला ते खपून जातं. पण एक हेक्टर "शंभर गुंठे" म्हणून विकलं तर प्रत्यक्षात ९८.८४ गुंठेच भरतात. सव्वाएक गुंठ्याच्या आसपास जमीन कागदावरून हवेत जाते. तेवढ्यावर भावकीत बोलणं बंद झालेली घरं मी मोजणीच्या वेळी बघितली आहेत. दोघेही खरं बोलत असतात, हेच वाईट वाटतं.

---

खेळपट्टीवाला

काका, दहा खेळपट्ट्यांचा एकर! हे मी उद्याच फळ्यावर काढतो.

---

शेवटचा_टप्पा

गोळ्याचं आधी सांगतो: १२ म्हणजे १२ पौंड असणार. १२ पौंड म्हणजे ५ किलो ४४० ग्रॅमच्या जवळ. आपल्याकडच्या आताच्या वजनांत तो कुठेच बसत नाही. वजन करून बघा.

माझा विषय ॲथलेटिक्स. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. मुलं विचारतात, सव्वासात किंवा सरळ सात का नाही? कारण तो १६ पौंडांचा आहे. हातोडाफेकीचंही तेच. महिलांचा गोळा मात्र सरळ ४ किलो.

अडथळ्यांची शर्यत याहून बोलकी. पुरुषांच्या ११० मीटरमध्ये पहिला अडथळा १३.७२ मीटरवर, म्हणजे १५ यार्डांवर. पुढचे दर ९.१४ मीटरवर, म्हणजे १० यार्डांवर. उंची १०६.७ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन फूट. आधी ही शर्यत १२० यार्डांची होती. धावण्याचं अंतर मीटरमध्ये आलं, पण दोन अडथळ्यांमधली तीन पावलं यार्डातच राहिली, कारण खेळाडूंचे पाय त्या अंतराला बसलेले. महिलांच्या १०० मीटरमध्ये दोन अडथळ्यांत सरळ ८.५० मीटर. उंची मात्र ८३.८ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट नऊ इंच.

आणि मिल्खा सिंग. १९५८ च्या मे महिन्यात टोकियोच्या आशियाई स्पर्धेत ते ४०० मीटर जिंकले. त्याच वर्षी जुलैत कार्डिफला राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्ड जिंकले, वेळ ४६.६ सेकंद. ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मीटर. दोन महिन्यांत एकाच माणसाला दोन वेगळ्या रेषांवर जीव तोडून पोहोचायचं होतं. राष्ट्रकुल स्पर्धा मीटरवर आली ती १९७० ला, एडिंबरोला.

आजही मैलाची शर्यत तेवढी टिकून आहे. यार्ड-मैलांतल्या बाकी अंतरांचे जागतिक विक्रम १९७६ नंतर ठेवणं बंद झालं, मैलाचा ठेवला. १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल धावले. "चार मिनिटांचा मैल" लोकांच्या इतका मनात बसला की त्याला हात लावायची कुणाची इच्छा झाली नसावी. मी स्वतः मीटरवाला आहे, तरी मला हे योग्य वाटतं.

---

सळई_सिमेंट

बांधकामावर या, सर. आमच्याकडे एका वाक्यात दोन्ही येतात. "एकोणीस एमएमचं प्लाय, आठ बाय चार." जाडी मिलिमीटरमध्ये, लांबी-रुंदी फुटांत. गेली वीस वर्षं असंच मागवतोय, कधी चूक झाली नाही, कारण दुकानदार, सुतार आणि मी, तिघेही तसंच बोलतो.

सळईवर १२ मिमी छापलेलं असतं, सेंटरिंगवाला तिला चार सूती म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे चार सूत साडेबारा मिमीच्याही वर जायला हवं, पण नाव पडलं ते पडलं. ८ मिमीला अडीच सूत. सळईचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की दर मीटरचे किलो मिळतात. भागिले ५३३ केलं की दर फुटाचे. जुने मिस्त्री ५३३ वाले, नवे इंजिनिअर १६२ वाले. दोन्ही बरोबर. भांडण होतं ते एकाने लांबी फुटांत घेऊन भागाकार १६२ ने केला तर. मग माल तिपटीहून जास्त दिसतो.

वाळू आणि खडी ब्रासवर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळूचा सरकारी दरसुद्धा ब्रासवरच असतो. फ्लॅटचा चटई क्षेत्र नोंदणीच्या कागदावर चौरस मीटरमध्ये आणि गिऱ्हाईकाच्या डोक्यात चौरस फुटांत. १०.७६४ ने गुणायचं, हे आमच्या ऑफिसात चहा आणणाऱ्या पोरालाही पाठ आहे.

---

दशमान

थोडं कटू बोलतो. हे सगळं कौतुकाने सांगण्यासारखं आहे का? मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ चा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून वजनं बदलायला सुरुवात झाली, १९६२ पर्यंत किलो सक्तीचा झाला. शेर आणि मण एका पिढीत गेले. म्हणजे ठरवलं तर जातं! मग फूट आणि इंच का राहिले? मी यंत्रशाळेत काम करतो. एका यंत्राला मिलिमीटरचे नट आणि दुसऱ्याला इंचाचे, म्हणून दोन पान्यांचे संच ठेवावे लागतात. चुकीचा पाना लागला की नटाची डोकी गोल होतात. सरांच्या त्या विद्यार्थिनीचा महिना गेला तो याच सवयीमुळे. सगळं मीटरमध्ये लिहा, शिकवा, बोला. २०.१२ हा आकडा पाठ करणं काही अवघड नाही.

---

खेळपट्टीवाला

दशमानराव, तुमचं म्हणणं मी मनावर घेतोय, कारण चूक माझ्या मैदानावर झालीय. पण चूक यार्डामुळे झाली नाही. चूक "बावीस" एवढंच बोलल्यामुळे झाली. मुलांना नुसता आकडा पाठ होता. कशाचे बावीस, हे मी त्यांना कधी म्हणायला लावलंच नव्हतं.

---

आजीची_पायली

दशमान दादा, शेर गेला असं नका म्हणू हो. आमच्या कोकणात अजून भात आणि कुळीथ पायलीने मोजतात. चार शेरांची पायली. ते माप वजनाचं नाही, भांड्याचं आहे. कुळथाची पायली आणि भाताची पायली वजनाला सारखी येत नाही, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं.

सोन्याचं मात्र उलट झालं. तोळा हे नाव राहिलं आणि आतलं वजन बदललं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता तोळा म्हणजे १० ग्रॅम. माझ्या सासूबाईंच्या पाटल्या "चार तोळ्याच्या" होत्या. वाटणीच्या वेळी सराफाने तोलून ४६ ग्रॅम ५०० मिलिग्रॅम सांगितलं, तर नणंदांना वाटलं कुणीतरी भर घातली. जुने चार तोळे म्हणजे ४६.६५ ग्रॅम, थोडी झीज धरली की हिशेब जुळतो. मी कागदावर मांडून दाखवल्यावर शांत झाल्या.

आणि सर, बावीस यार्ड कशाला म्हणता? आमच्या आई-आजी वार म्हणायच्या. नऊवारीतला वार म्हणजे तोच यार्ड. नऊ वारांचं लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. तुमच्या खेळपट्टीला दोन लुगडी आणि वर चार वार लागतील. आता सहावारी म्हणून मिळते ती साडी साडेपाच मीटरची आणि वर ब्लाऊजपीस. फुलवाली गजरा अजून हातानेच देते, दोन हात म्हणजे एक वार.

---

खेळपट्टीवाला

ताई, "बावीस वार" हा शब्द माझ्या वडिलांच्या तोंडी होता. मी विसरलो होतो. धाग्याचं शीर्षक बदललं आहे.

---

साष्टीकर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे प्लॉट "तीनशे मीटरचा" असतो, म्हणजे चौरस मीटर. जाहिरातही तशीच. पोर्तुगालने १८५२ मध्ये मीटर स्वीकारला. त्यांच्या राजवटीत इथले जमिनीचे दस्त मीटरमध्येच होत असत. बेळगाव किंवा कोल्हापूरचे पाहुणे जागा बघायला आले की दर ऐकून आधी दचकतात. त्यांच्या मनात चौरस फूट असतो. मग दहाने भागा म्हटलं की शांत होतात. पण घराच्या आत शिरल्यावर आम्हीही पंखा ४८ इंची आणि टीव्ही ४३ इंचीच म्हणतो.

---

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, बालरुग्ण विभागात. माझा अनुभव जरा गंभीर आहे.

परदेशातून आजोळी आलेलं दीड वर्षाचं बाळ, रात्री ताप. आईने वजन सांगितलं "चोवीस". घाई होती. नवीन मुलीने कागदावर २४ किलो लिहिलं. लहान मुलांच्या औषधाची मात्रा वजनाच्या किलोवर काढतात. मी बाळाकडे बघितलं आणि हात थांबला. चोवीस किलोचं मूल सात-आठ वर्षांचं असतं. चोवीस पौंड होते, म्हणजे ११ किलोच्याही आत. मात्रा दुपटीहून जास्त गेली असती. काट्यावर ठेवलं, १०.८ भरलं. आईला काही बोलले नाही, ती तिकडच्या सवयीने बोलली होती. पण तेव्हापासून सांगितलेलं वजन मी लिहीतच नाही. मूल काट्यावर ठेवते, मगच पुढचं.

ताप घरी सगळे फॅरनहाइटमध्ये सांगतात, "एकशे दोन आहे". हवामान मात्र सेल्सियसमध्ये, "आज चाळीस आहे". यात गोंधळ होत नाही, कारण दोन्ही आकडे एकमेकांपासून फार लांब आहेत. आपोआप कळतं कुठलं काय. जिथे दोन्ही मापांत आकडा शक्यतेतला वाटतो, तिथे भीती असते. चोवीस पौंडही असू शकतं, चोवीस किलोही. आणखी एक: औषधाचा चमचा म्हणजे ५ मिली. घरातला चमचा कधी तीनचा, कधी सातचा. बाटलीबरोबर येणारं झाकणाचं मापच वापरा, एवढी विनंती.

---

दशमान

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "दोन्ही मापांत शक्यतेतला वाटणारा आकडा" हेच मला म्हणायचं होतं, मला सांगता आलं नाही. सरांचे बावीसही तसेच. पावलांनी मोजलं तर बावीस मीटर आणि बावीस यार्ड डोळ्याला सारखेच दिसतात.

---

मेपलची_सावली

टोरंटोहून. कॅनडात १९७५ मध्ये तापमान सेल्सियसमध्ये आलं, १९७७ मध्ये रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरमध्ये. तरी पन्नास वर्षांनी ओव्हन फॅरनहाइटवर, उंची फुटांत आणि भाजीच्या जाहिरातीत मोठा आकडा पौंडाचा, खाली बारीक अक्षरात किलोचा.

रात्रपाळी ताईंचं वाचून इथली १९८३ ची घटना आठवली. एअर कॅनडाचं बोइंग ७६७. इंधन दाखवणारा काटा बंद होता, म्हणून टाकीतलं इंधन मोजपट्टीने लिटरमध्ये मोजलं आणि त्याचं वजन काढलं. विमानाला वजन किलोत हवं होतं, आणि गुणाकार केला तो पौंडाच्या आकड्याने, १.७७ ने. किलोसाठी ०.८ च्या आसपास आकडा हवा होता. २२,३०० किलो हवं असताना निम्म्याहून कमी इंधन घेऊन ते उडालं आणि हवेत असतानाच इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या हवाई दलाच्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. आकडेमोड कागदावर होती, एकापेक्षा जास्त माणसांनी बघितली होती, आणि सगळ्यांना ती बरोबर वाटली होती.

---

जाळीजवळ

बॅडमिंटनबद्दल थोडंसं. १८७० च्या दशकातले या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्याशी जोडलेले आहेत, तिकडे या खेळाला "पूना" म्हणत. कोर्ट ४४ फूट बाय २० फूट. नियमपुस्तकात १३.४० बाय ६.१० मीटर. जाळी खांबाजवळ १.५५ मीटर, म्हणजे पाच फूट एक इंच. आमच्या क्लबात आखणी करणारा माणूस फक्त फुटांतलेच आकडे जाणतो आणि त्याचं कोर्ट कधी चुकत नाही.

उलट कबड्डी घ्या. १३ बाय १० मीटर. खो-खो २७ बाय १६. आपल्या मातीतल्या खेळांचे आकडे असे सुटसुटीत. इंग्रजांकडून आलेल्या खेळांना मात्र सगळीकडे दशांशाची शेपटं.

---

शेवटचा_टप्पा

मॅरेथॉन राहिलीच. ४२.१९५ किलोमीटर. ते २६ मैल ३८५ यार्ड आहेत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षापर्यंतचं ते अंतर, १९२१ मध्ये कायमचं ठरलं. मुंबईत धावताना ४२ किलोमीटरची पाटी मागे पडल्यावर शेवटच्या १९५ मीटरचा विचार मनात येतोच. तिथे पाय संपलेले असतात.

---

काळी_माती

सर, एक उपाय. टेप मुलांच्या हातात देऊ नका. दोरी घ्या, न ताणणारी. २०.१२ मीटरवर दोन्ही टोकांना लोखंडी कडी बांधा. आतल्या बाजूला दोन्हीकडून १.२२ मीटरवर, म्हणजे चार फुटांवर, लाल धागा गुंडाळा. ती पुढची रेघ, फलंदाजाची. दोन खुंट्यांत दोरी अडकवली की आखणी झाली, आकडा बोलायचं कामच नाही. आमच्या साखळीमागे हीच अक्कल होती. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकेकदा टेपला लावून तपासा, दोरीची लांबी बदलते.

---

खेळपट्टीवाला

काका, दोरी केली. शनिवारी खेळपट्टी परत आखली. भांडारखोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने तक्ता रंगवायला घेतलाय: खेळपट्टी, कबड्डी, खो-खो, गोळा, अडथळे. प्रत्येक आकड्यापुढे एकक पूर्ण अक्षरांत, मीटर, वार, फूट, किलो. "मी" असं संक्षिप्तसुद्धा नाही. रंगवायचं काम त्याच दोन मुलांनी मागून घेतलं.

ज्या मुलीचा महिना गेला, तिने काल पहिल्यांदा दोरी लावली. तिच्या पहिल्या तीन षटकांत एकही चेंडू आखूड नव्हता.

आणि तो गोळा बाजारातल्या धान्याच्या दुकानात काट्यावर ठेवला. दुकानदाराने विचारलं, "सर, हे कसलं धान्य?" ५ किलो ४२० ग्रॅम भरला. म्हणजे बारा पौंडच, थोडा गंजून झिजलेला. गेली दोन वर्षं आमची मुलं तो ५ किलोचा समजून सराव करत होती. त्यांच्या फेकी कमी का भरत होत्या ते आज कळलं. शेवटचा_टप्पा, त्यांच्या वहीतले दोन वर्षांचे आकडे आता कसे वाचायचे, ते जरा सांगाल का?

---

शेवटचा_टप्पा

वही फेकू नका. खऱ्या ५ किलोच्या गोळ्याने आठवडाभर फेकायला लावा, आणि नवा रकाना सुरू करा. जुन्या रकान्याच्या वर लिहा: गोळा १२ पौंड.